पऱ्हाटीपासून बॅटरीचं इलेक्ट्रोड : 'हे कुणालाही सुचलं असतं' या हरकतीला उत्तर काय द्यावं?

पूर्णाकाठ

नमस्कार मंडळी. परभणी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. आमच्या एमएस्सीच्या मुलामुलींनी पऱ्हाटीपासून, म्हणजे कापूस वेचल्यावर उरलेल्या झाडांच्या काड्यांपासून, हार्ड कार्बन तयार केला आणि त्याचं सोडियम-आयन बॅटरीसाठी इलेक्ट्रोड बनवलं. कॉलेजच्या नावानं पेटंटचा अर्ज केलाय. शैक्षणिक संस्थांना २०२१ पासून फीमध्ये ८० टक्के सवलत आहे, म्हणून परवडलं. आता पहिला तपासणी अहवाल आलाय आणि मुख्य हरकत एकच आहे : यात शोध म्हणावा असं काही नाही, या क्षेत्रातल्या जाणकाराला हे सहज सुचलं असतं. उत्तराला सहा महिन्यांची मुदत असते. इथं पेटंटचं काम करणारी, बॅटरीच्या धंद्यातली आणि शेतीतली अशी सगळी माणसं आहेत, म्हणून धागा काढतोय.

आधी विषय. मोबाइलच्या लिथियम बॅटरीत ऋण बाजूला ग्रॅफाइट असतं. एक ग्रॅम ग्रॅफाइट ३७२ मिलीअँपिअर-तासांइतकं लिथियम साठवू शकतं. सोडियमला मात्र ग्रॅफाइटच्या थरांत बसायला जमत नाही. त्याला लागतो हार्ड कार्बन, म्हणजे ज्याचे थर वेडेवाकडे असतात आणि मधे बारीक पोकळ्या असतात असा कार्बन. स्टीव्हन्स आणि डान यांनी २००० साली ग्लुकोजपासून तो करून ३०० च्या आसपास क्षमता दाखवली. तेव्हापासून नारळाच्या करवंट्या, केळीच्या साली, कापसाचे तंतू, जगभरात जे हाताला लागेल ते भाजून पाहिलं गेलंय.

अहवालात हेच मांडलंय. परीक्षकानं आधीचे दोन कागद समोर ठेवलेत, डी१ आणि डी२. डी१ मध्ये कापसाच्या तंतूपासून केलेला हार्ड कार्बन आहे. डी२ मध्ये लाकूडफाट्याचा कार्बन करताना तो ॲसिडनं धुवून राख काढायची पद्धत आहे. दोन्ही कागद शेजारी ठेवले की पऱ्हाटीचं इलेक्ट्रोड आपोआप निघतं, असं म्हणणं.

आम्ही केलंय ते असं. पऱ्हाटी हौदात पाण्यात बुडवून ठेवायची. साल सुटायला लागली की ती सोलून टाकायची. आतली पांढरी काडी वाळवून तिचे तुकडे करायचे, आधी कमी तापमानावर बराच वेळ धरायचे आणि मग आर्गॉनच्या भट्टीत हजार अंशांच्या वर न्यायचे. ॲसिड कुठंच नाही. पहिल्या चार्जिंगला काही सोडियम कायमचं अडकून पडतं, तो तोटा हार्ड कार्बनचं सगळ्यात मोठं दुखणं आहे. आमच्या काडीत तो ॲसिडनं धुतलेल्या पऱ्हाटीपेक्षा कमी येतो. आजवर जे वाचलं त्यावरून उलटं व्हायला पाहिजे होतं.

एवढ्यावर 'हे उघड नव्हतं' असं म्हणता येईल का?

लेथवाला वाळूज

सर, मुलांचं कौतुक आहेच. पण माझं मत हरकतीच्या बाजूचं आहे.

आमच्या लाइनीत एक खटला सगळ्यांना माहीत असायला पाहिजे. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज. मिर्झापूरच्या भांडीवाल्यांचं भांडण. भांडं लेथवर फिरवून घासायचं, तर ते हेडस्टॉकवरून, म्हणजे लेथच्या फिरणाऱ्या टोकावरून, उडायची भीती असायची. १९५१ च्या पेटंटमध्ये काय होतं, तर समोरच्या टेलस्टॉकच्या बाजूनं टोकदार स्पिंडल लावून भांडं दाबून धरायचं. सुप्रीम कोर्टानं डिसेंबर १९७८ मध्ये ते पेटंट रद्द केलं. स्पिंडल जुना, टेलस्टॉक जुना, दाबून धरायची कल्पना जुनी. ही कारखान्यातली रोजची सुधारणा आहे, शोध नाही, असा निकाल. ज्यानं आयुष्यभर लेथवर काम केलंय त्याला हा निकाल लगेच पटतो. आम्ही रोज जिग बदलतो, फिक्श्चर बदलतो. प्रत्येकाचं पेटंट झालं असतं तर वाळूजमध्ये एकाचंही मशीन चाललं नसतं.

ज्वारीऐवजी बाजरी घेतली म्हणून भाकरीचा शोध लागत नाही. कापसाच्या तंतूऐवजी कापसाची काडी घेतली, तसंच आहे हे.

मांजरापट्टा

लातूरला इन्व्हर्टरच्या बॅटऱ्या जोडायचा आणि प्लेटा भरायचा धंदा आहे, वडलांपासून. लेथवाल्या मालकांशी बरंच सहमत.

लेड-ॲसिडमध्ये बगा. प्लान्तेनं १८५९ मध्ये शिशाचे नुसते पत्रे वापरले. फॉरनं १८८१ मध्ये शिशाच्या संयुगाची पेस्ट करून पत्र्यावर थापली आणि सगळा धंदाच बदलला. तो शोध. त्यानंतर निगेटिव्ह पेस्टमध्ये बेरियम सल्फेट किती टाकायचं, काजळी किती, लिग्निन किती, हे प्रत्येक कारखानदार आपापल्या हिशोबानं करतो. उन्हाळ्यात आमच्याकडं पारा ४२ च्या वर गेला की पाणी लवकर आटतं, मग ग्रिडमधलं, म्हणजे प्लेटीच्या जाळीतलं, अँटिमनी कमी करा, कॅल्शियमचं ग्रिड घ्या. कॅल्शियमचं ग्रिडसुद्धा १९३५ पासूनचं आहे. प्रमाण जरा खाली-वर केलं की लोक पेटंट टाकलालेत, आणि उद्या नोटीस येते ती आमच्यासारख्या दहा माणसांच्या शेडला. मोठ्यांना वकील आहेत, आम्हाला नाहीत.

म्हणून सर, हरकत कडक असलेली बरी. तुमच्या अर्जातला पहिला दावा, म्हणजे हक्क नेमका कशावर मागितलाय, तो टाका इथं. खरी गोम तिथं असते.

पूर्णाकाठ

पहिला दावा ढोबळमानानं असा : 'शेतीतील कोणत्याही काष्ठमय अवशेषापासून, पाण्यात भिजवून व उष्णता देऊन तयार केलेला, सोडियम-आयन बॅटरीच्या इलेक्ट्रोडसाठीचा हार्ड कार्बन.' पऱ्हाटी दुसऱ्या दाव्यात आहे, साल काढणं चौथ्यात, तापमानाचे टप्पे पाचव्यात.

मांजरापट्टा

कोणत्याही? मग तुरीच्या तुराट्या, उसाचं चिपाड, सोयाबीनचा कुटार, सगळं तुमचंच झालं की. तुम्ही तपासलंय फक्त पऱ्हाटीवर.

खामकाठची वकील

छत्रपती संभाजीनगरला पेटंट एजंट म्हणून काम करते. हे थोडं लांब लिहिते, कारण सरांच्या प्रश्नात जीव आहे.

कायदा काय म्हणतो ते आधी. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्याच्या कलम २(१)(जेए) मध्ये दोन गोष्टी एकत्र लागतात. एक, आधीच्या ज्ञानाच्या तुलनेत तांत्रिक प्रगती किंवा आर्थिक महत्त्व किंवा दोन्ही. दुसरी, त्या क्षेत्रातल्या जाणकाराला ती गोष्ट उघड नसणं. 'पऱ्हाटी फुकट मिळते, शेतकऱ्याला दोन पैसे मिळतील' हे पहिल्या अर्ध्यात चालेल, दुसऱ्यात चालणार नाही. मी पाहिलेल्या उत्तरांपैकी पुष्कळशी इथंच अडकतात. स्वस्त आहे, पर्यावरणाला चांगलं आहे, अशी पानंच्या पानं, आणि उघड का नाही यावर चार ओळी.

बिश्वनाथ प्रसाद आजही आधाराला घेतात, बरोबर आहे. दिल्ली हायकोर्टानं रोश विरुद्ध सिप्ला मध्ये २०१५ साली त्याचे टप्पे पाडून दिले. जाणकार कोण ते ठरवा, शोधाचा गाभा काय ते ठरवा, अर्जाच्या तारखेला त्या माणसाला काय माहीत होतं ते त्याच्या पदरात टाका, फरक मोजा, आणि मग विचारा की हा फरक त्याला साहजिक होता का, की त्याला काही कल्पकता लागली असती. 'अर्जाच्या तारखेला' हे शब्द अधोरेखित करून ठेवा. आज सगळं समोर मांडलेलं असताना कुणालाही पटतं की हे सोपं होतं.

आता बॅटरीचाच खटला सांगते. वाळूजच्या दादांनी जरूर वाचावा असा. अमेरिकेत बर्ट ॲडम्स नावाच्या माणसानं १९३८ च्या सुमारास घरीच प्रयोग करून एक बॅटरी बनवली. एक इलेक्ट्रोड मॅग्नेशियमचं, दुसरं क्युप्रस क्लोराइडचं. कोरडी ठेवायची, हवी तेव्हा पाणी ओतायचं, साधं किंवा खारट, आणि ती सुरू. ॲसिड नाही. १९४३ मध्ये पेटंट मिळालं. सैन्याच्या सिग्नल कोरच्या तज्ज्ञांना त्यानं ती दाखवली, त्यांचा विश्वास बसला नाही. पुढं युद्धात सरकारनं तीच बॅटरी बनवून घेतली आणि त्याला सांगितलंही नाही. त्याला ते कळलं १९५५ मध्ये, १९६० मध्ये तो कोर्टात गेला. सरकार म्हणालं, मॅग्नेशियमचं इलेक्ट्रोड जुनं, क्युप्रस क्लोराइड जुनं, पाण्यानं सुरू होणारी बॅटरी जुनी. तिन्ही खरं होतं.

तरी सुप्रीम कोर्टानं २१ फेब्रुवारी १९६६ ला ॲडम्सचं पेटंट कायम ठेवलं. कारण असं : त्या काळच्या जाणकाराला ही जोडणी करायची तर त्याला आपलंच ज्ञान बाजूला ठेवावं लागलं असतं. अशी बॅटरी सुरू केल्यावर तापते म्हणून उपयोगाची नाही, हे तेव्हाचं शास्त्र. पाण्यावर चालणाऱ्या बॅटऱ्यांत जी द्रावणं वापरत ती मॅग्नेशियमला मारक, हेही तेव्हाचं शास्त्र. सगळे कागद 'इकडं जाऊ नका' सांगत होते आणि हा माणूस तिकडंच गेला. वर तज्ज्ञांनी अविश्वास दाखवला होता, तो पुरावा म्हणून कामाला आला. असं सांगतात की त्याच्या वकिलानं कोर्टात पाण्याचा एक घोट घेतला, मग त्याच ग्लासात छोटी बॅटरी टाकली आणि युक्तिवाद संपेपर्यंत दिवा जळत राहिला.

गंमतीची गोष्ट नाही, पण नोंद घ्यावी अशी : त्याच दिवशी त्याच कोर्टानं नांगराचं एक पेटंट उघड म्हणून बाद केलं. ग्रॅहम विरुद्ध जॉन डिअर. खडकाळ जमिनीत फण दगडाला अडकला की वर उचलला जावा म्हणून स्प्रिंगची रचना होती, त्यात ग्रॅहमनं दांड्याची जागा वरची खाली केली. भाग तेच, जागा बदलली, आणि परिणाम जाणकाराला अपेक्षित असाच. पेटंट गेलं.

सर, तुमचा अर्ज या दोन निकालांच्या मधे उभा आहे. 'तंतूऐवजी काडी' एवढंच मांडलंत तर नांगराची गत होईल. 'सगळे ॲसिडनं धुवा म्हणतात, आम्ही धुतलं नाही, आणि त्यामुळंच तोटा कमी झाला' हे सिद्ध केलंत तर ॲडम्सच्या वाटेला लागाल.

विष्णुपुरी

नांदेडला पीएचडी करतेय, बॅटरी मटेरियलमध्येच. ताईंनी छान लिहिलंय. एक शंका आणि एक उदाहरण.

शंका सरांना. पोटॅशियमचे क्षार पाण्यात विरघळतात हे बारावीचं पोरगं सांगेल. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश भरपूर असतं. मग पाण्यात भिजवलं की ते निघून जाणार, कार्बन सुधारणार, यात अनपेक्षित काय? परीक्षक पहिल्याच सुनावणीत हे विचारणार.

उदाहरण एलएफपीचं. आज ई-रिक्षापासून घरच्या सोलरपर्यंत सगळीकडं लिथियम आयर्न फॉस्फेट आहे. १९९७ मध्ये पाढी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांनी ते दाखवलं, टेक्सासमध्ये. त्याच पेपरात म्हटलंय की हे कमी पॉवरच्या कामाला उत्तम; करंट वाढवला की क्षमता घटते. त्याचं विजेचं वहनही फार वाईट. मग १९९९ च्या सुमारास राव्हे, आर्मां आणि त्यांच्या कॅनडातल्या सहकाऱ्यांनी साखरेसारखा सेंद्रिय पदार्थ मिसळून भाजला, प्रत्येक कणावर कार्बनचा पातळ थर चढला आणि तोच पदार्थ धावायला लागला. आता सांगा, उघड होतं का? इलेक्ट्रोडमध्ये काजळी मिसळणं तर कित्येक दशकं चालू होतं. पण काजळी बाहेरून मिसळणं आणि कणाच्या अंगावरच कार्बन धरवणं यात फरक पडला, आणि एवढ्यावर बॅटरीचं जग बदललं. पुढं या कुटुंबातल्या पेटंटांवर टेक्सास विद्यापीठ, हायड्रो-क्वेबेक एका बाजूला आणि ए१२३ ही अमेरिकेतली बॅटरी कंपनी दुसऱ्या बाजूला अशी केस २००६ पासून चालली, २०११ मध्ये तडजोड झाली. टेक्सासची जपानच्या एनटीटीबरोबरही केस होती, कारण एनटीटीचा संशोधक गुडइनफच्या प्रयोगशाळेत येऊन गेला होता. तीही तडजोडीनंच मिटली.

मला यातून इतकंच दिसतं की इलेक्ट्रोडमध्ये घटक जवळपास नेहमीच जुने असतात. कार्बन, निकेल, मँगनीज, कोबाल्ट, लोखंड, फॉस्फेट. नवेपण असतं ते कशाचं कशाशी कसं जमलं यात. म्हणून 'सगळे भाग जुने' एवढ्यानं भागत नाही, लेथवाले काका. ज्वारीच्या पिठाची विरी गेली की भाकरी थापताना तुटते आणि मग गरम पाण्याची उकड घ्यावी लागते. ते पहिल्यांदा ज्या बाईला सुचलं तिला पीठ बदलणारी म्हणून कसं चालेल?

लेथवाला वाळूज

पटण्यासारखं आहे, ताई. पण मग त्या बाईनं विरी गेलेल्या पिठाचा दावा करावा, सगळ्या पिठांचा नको. मांजरापट्टा मालक तेच सांगतायत.

पूर्णाकाठ

विष्णुपुरी, शंका अगदी बरोबर जागी आहे. पोटॅश पाण्यात जातं हे आम्हीही धरूनच चाललो होतो. आमचं म्हणणं त्यापुढं आहे. पाण्यात कॅल्शियम आणि सिलिका फारशी जात नाही. ॲसिडमध्ये कॅल्शियम जातं. म्हणजे ॲसिडचा नमुना जास्त स्वच्छ. प्रचलित समजुतीप्रमाणं त्याचा पहिला तोटा कमी यायला हवा. आमच्याकडं अस्वच्छ नमुना पुढं जातो.

कारण काय असावं? नायट्रोजन शोषून पृष्ठभाग मोजला तर ॲसिडच्या नमुन्याचा पृष्ठभाग बराच मोठा येतो. आमचा अंदाज, ॲसिड क्षार काढतं पण जाताना उघडी छिद्रं ठेवून जातं. इलेक्ट्रोलाइट, म्हणजे बॅटरीतलं द्रावण, त्या छिद्रांत शिरतं, तिथं थर धरतं आणि सोडियम खातं. पाण्यात हळूहळू साल सुटते तेव्हा काडीचा आतला पोत तसाच राहतो. मुलींनी भट्टीतून काढलेले तुकडे हाताळले तर फरक बोटालाच कळतो : ॲसिडचा तुकडा चिमटीत भुगा होतो, पाण्याचा कडक राहतो आणि फोडला तर आत काडीच्या नळ्या जशाच्या तशा दिसतात.

बालाघाट

राम राम. बीड जिल्ह्यातला कापूसवाला. कायद्यातलं मला लई कळत नाही, पण भिजवायचं वाचून राहवलं नाही.

हे तर अंबाडीचं काम आहे, सर. आमचे आजोबा अंबाडी कापून पेंढ्या बांधून डोहात बुडवून दगड ठेवायचे. कुजली की साल ओढून काढायची, तिचा वाख व्हायचा, वाखाचे दोर, कासरे, सोल. आतल्या काड्या पांढऱ्याशुभ्र निघतात, त्या चुलीला. पाणी साचलेलं पाहिजे, वाहतं नको, नाहीतर दिवस जास्त लागतात. उशीर झाला तर वाख सडतो, लवकर काढलं तर साल चिकटून राहते. तुम्ही पऱ्हाटीला तेच केलंय. मग हे आमच्याच बापजाद्यांचं ज्ञान नाही का?

दुसरं, पेटंट झालं तर पऱ्हाटी जाळायला किंवा विकायला आम्हाला आडकाठी येणार का? गुलाबी बोंडअळीमुळं फरदड, म्हणजे वेचणीनंतरही उभं ठेवलेलं पीक, ठेवू नका, वेळेत पऱ्हाटी उपटा असं दरवर्षी सांगतात. उपटायची मजुरी अंगावर पडते. कुणी विकत घेत असेल तर सोनंच आहे.

खामकाठची वकील

बालाघाट दादा, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सोपं : पेटंट झालं तरी ते दाव्यात लिहिलेल्या कार्बनपुरतं आणि पद्धतीपुरतं. पऱ्हाटी तुमचीच. जाळा, विका, कोळसा करा, कुणी अडवू शकत नाही.

पहिला प्रश्न अवघड आहे. कलम ३(पी) प्रमाणं जे मुळात पारंपरिक ज्ञानच आहे, किंवा परंपरेनं माहीत असलेल्या घटकांच्या माहीत गुणांची नुसती बेरीज आहे, त्याला पेटंट नाही. अंबाडी कुजत घालणं हे पारंपरिक ज्ञान आहेच. पण तिथं हवी असते साल, आणि काडी टाकाऊ. इथं साल टाकाऊ आणि काडी हवी. वाख काढणाऱ्याला काडीच्या आतल्या पोकळीशी काही देणंघेणं नव्हतं. आता प्रश्न असा की बॅटरीवर काम करणारा रसायनतज्ज्ञ वाख काढणाऱ्याकडं उत्तर शोधायला गेला असता का? युरोपात हाच प्रश्न फार नेमका विचारतात : जाणकार हे करू *शकला असता* का एवढं पुरत नाही, त्यानं ते *केलंच असतं* का, तेवढं कारण त्याच्यासमोर होतं का. अमेरिकेतला २००७ चा केएसआर निकाल मात्र सांगतो की जाणकार म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्याला साधी कल्पकता असते, शेजारच्या क्षेत्रातलं त्याला दिसतं. म्हणजे दोन्ही बाजूंनी ओढता येतं.

माझा सल्ला : अंबाडीचा उल्लेख सर, उत्तरात स्वतःहून करा. लपवू नका. अर्ज प्रसिद्ध झाल्यावर ग्रँट होईपर्यंत, म्हणजे पेटंट मिळेपर्यंत, कलम २५(१) खाली कुणालाही विरोध नोंदवता येतो, आणि ग्रँट प्रसिद्ध झाल्यावर वर्षभरात हितसंबंध असलेल्याला २५(२) खाली. त्या वेळी दुसऱ्यानं अंबाडी काढली तर ती तुमच्या विरोधात जाईल. तुम्ही काढली तर तुम्ही फरक सांगू शकाल.

कलम ३(डी) सुद्धा बघून ठेवा. सगळे त्याला औषधांचं कलम समजतात. त्यात शेवटी असंही आहे की माहीत असलेल्या प्रक्रियेचा नुसता वापर हा शोध नाही, त्यातून नवं उत्पादन निघालं किंवा निदान एक नवा अभिक्रियक वापरला तरच. भिजवणं माहीत, भाजणं माहीत. म्हणून तुमचं उत्पादनच वेगळं आहे, त्याचा पृष्ठभाग वेगळा, पोत वेगळा, हे मोजून दाखवावं लागेल.

आणि जैवविविधता कायदा. भारतातल्या जैविक संसाधनावर आधारलेला अर्ज आहे, तर ग्रँटच्या आधी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची पूर्तता लागते का, हे आत्ताच तपासून घ्या. शेवटच्या क्षणी यावर अर्ज लटकलेले पाहिलेत.

गोदातीर वाचक

वाचतोय. वाचनखूण साठवली. एक प्रश्न : मुलांनी अर्जाआधी 'आविष्कार' संशोधन स्पर्धेत वगैरे पोस्टर लावलं होतं का?

पूर्णाकाठ

नाही. आधी अर्ज, मग पोस्टर. मुलं नाराज होती तेव्हा, पण ते बरं झालं.

खामकाठची वकील

फार बरं झालं. कलम ३१ मध्ये विद्वत्सभेत वाचलेल्या निबंधासाठी १२ महिन्यांची सूट आहे, पण ती अरुंद आहे. साध्या जर्नलमध्ये किंवा यूट्यूबवर टाकलं तर ती वाचवेलच असं नाही. कॉलेजांनी हे मुलांना पहिल्या वर्षीच सांगायला पाहिजे.

मांजरापट्टा

सर, तुमची बोटानं भुगा व्हायची गोष्ट वाचून माझं मत हललंय. पेस्टमध्ये पण असंच असतं, कागदावर एक आणि प्लेटीवर दुसरंच. पण मग तुलना नीट करा. एकाच शेतातली पऱ्हाटी, एकाच दिवशी उपटलेली, अर्धी पाण्यात, अर्धी ॲसिडमध्ये. भट्टी तीच, तापमान तेच. जमिनीप्रमाणं पऱ्हाटीची राख बदलत असणार, काळ्या रानातली वेगळी, मुरमाडातली वेगळी. नाहीतर उद्या कुणी म्हणेल फरक पाण्याचा नाही, रानाचा आहे.

विष्णुपुरी

याला जोरदार अनुमोदन. आणि तिसरा नमुना पाहिजे : साल न काढता, नुसती भिजवलेली पऱ्हाटी. चौथा : साल काढलेली पण न भिजवता, चाकूनं सोललेली. नाहीतर कळणार नाही की काम पाण्यानं केलं की साल गेल्यानं. तापमानही एकच नको. ॲसिडचा नमुना वेगळ्या तापमानाला चांगला निघत असेल तर परीक्षक तेच दाखवेल.

डी१ शीही तुलना लागेल. कापसाचा तंतू जवळजवळ शुद्ध सेल्युलोज आहे. पऱ्हाटी लाकूड आहे, लिग्निन भरपूर, राख भरपूर. तंतूवरून काडीचा अंदाज बांधता येत नाही, हे आकड्यांनी दाखवा. शब्दांनी नको.

पूर्णाकाठ

चाकूनं सोललेला नमुना आमच्याकडं आहे, भिजवलेल्यापेक्षा तो मागं पडतो. साल न काढलेला भिजवलेला नमुना नाही. तो करायला घेतो. आमच्या प्रयोगवहीत प्रत्येक नमुन्याच्या शेताची आणि उपटल्याच्या तारखेची नोंद आहे, मुलींनी ती शिस्त पाळलीय.

बालाघाट दादा, साचलेलं पाणी आणि वाहतं पाणी हा फरक तुम्ही सांगितलात, तो आम्ही कधी तपासलाच नव्हता. आमचा हौद साचलेलाच असतो. त्यात जे जंतू वाढतात ते सालीखालचं पेक्टिन खातात, अंबाडीत तेच होतं. कदाचित सगळा परिणाम तिथून येत असेल. तुमच्याकडं जुनं डोहाचं ठिकाण असेल तर पऱ्हाटीच्या चार पेंढ्या तिथं बुडवून देता का? खर्च आमचा.

बालाघाट

देतो की. डोह आता नाही राहिला, शेततळं आहे. प्लास्टिकचा कागद अंथरलेला, पण पाणी साचलेलंच. उन्हाळ्यात लवकर सुटंल, हिवाळ्यात वेळ लागंल. माझं नाव कुठं टाकायची गरज नाही, पण 'अंबाडीवाल्यांकडून कळलं' असं कुठंतरी लिहा.

खामकाठची वकील

दादा, नाव टाकायची गरज आहे की नाही ते नंतर कायद्यानं ठरेल. साचलेल्या पाण्याचा मुद्दा तुमच्याकडून आलाय आणि तो पुढं दावा म्हणून टिकला, तर शोधक म्हणून कोण, हा प्रश्न खरा उभा राहतो. सर, हे आत्ताच लिहून ठेवा, तारखेसकट. या अर्जात नवा मुद्दा घुसवता येत नाही, मूळ तपशीलात जे आहे त्याच्या आतच दुरुस्ती होते. साचलेल्या पाण्याचं काही वेगळं निघालं तर तो वेगळा अर्ज, आणि त्याच्या आधी तो मुद्दा कुठं छापू नका. या धाग्यावर तो आता उघड झालाच आहे, तो ज्ञानाचा भाग झाला. पण त्यातून निघणारे आकडे आणि नेमकी पद्धत अजून तुमच्या वहीत आहे.

लेथवाला वाळूज

मग सर, पहिल्या दाव्याचं काय ठरलं? 'कोणत्याही अवशेषापासून' राहणार की जाणार?

पूर्णाकाठ

जाणार. पहिला दावा असा करायचं ठरतंय : कापसाच्या खोडाची साल पाण्यात सोडवून काढलेल्या काडीपासून, ॲसिडचा वापर न करता, दोन टप्प्यांत उष्णता देऊन केलेला हार्ड कार्बन, आणि त्याचा पृष्ठभाग अमुक मर्यादेच्या आत. मर्यादा आमच्याच मोजणीतली, मूळ तपशीलात दिलेली. तुराट्या, चिपाड, कुटार सगळं बाहेर. ज्याला तुराट्यांवर काम करायचंय त्यानं जरूर करावं. संभाजीनगरजवळ बिडकीनला ई-स्कूटरवाल्या एथरनं २०२४ मध्ये कारखाना जाहीर केलाय, तिथल्या ऑरिक औद्योगिक नगरीत आणखी येतायत. सोडियमच्या बॅटऱ्या इथं बनतील तेव्हा कार्बन कुठून येणार, हा प्रश्न आपल्या शेतांच्या आणि कॉलेजांच्या जवळचा आहे.

मांजरापट्टा

असा दावा असेल तर माझा विरोध नाही. तुराट्या आमच्याकडं पोत्यानं आहेत, विष्णुपुरी ताई, बोलूया.

विष्णुपुरी

नक्की. व्यनि (खासगी निरोप) करते.

खामकाठची वकील

सर, चारही नमुन्यांचे आकडे हातात आले की उत्तराचा मसुदा मला पाठवा, बघून देते. तज्ज्ञाचं शपथपत्र जोडायचं असेल तर बाहेरच्या विद्यापीठातल्या माणसाकडून घ्या, आणि त्याच्याकडून एकच गोष्ट लिहून घ्या : अर्जाच्या तारखेआधी तुमच्याकडं कुणी पऱ्हाटी आणून दिली असती, तर तुम्ही ती ॲसिडनं धुतली असती का? तो 'हो' म्हणाला आणि त्याचे त्या काळातले स्वतःचे छापलेले पेपरही तेच सांगत असतील, तर तो कागद वीस पानांच्या युक्तिवादाला भारी आहे.

पूर्णाकाठ

असे एक प्राध्यापक माहीत आहेत. उद्याच फोन करतो. साल न काढलेल्या नमुन्याची पऱ्हाटी आज हौदात टाकलीय, आकडे आले की इथंच सांगतो, जेवढे सांगता येतील तेवढे.